पांढऱ्या सायकलची पूजा

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या खेपेस मी तो फूटपाथच्या दगडी कडेवर असा काही आपटला की समोर थांबलेल्या पिवळ्या ट्राममधली माणसे काचेला नाक लावून माझ्याकडे पाहू लागली. मीही त्यांच्याकडे पाहिले. अंगावर इरकली लुगडे, त्यावर मुलीचा जाडजूड कोट, पायांत लोकरीचे मोजे आणि हातात फुटका नारळ, अशी बाई बर्लिनमध्ये त्यांनी आजवर पाहिली नसेल, तर तो दोष त्यांचा. मी नजर खाली घेतली नाही. ट्रामच निघून गेली.

दसरा होता. अकरा वर्षांपूर्वीचा. माझी धाकटी मुलगी केतकी हिला पाचवा महिना होता, जावई कामानिमित्त महिनाभर परगावी होते, आणि अशा अवस्थेत मुलगी परक्या शहरात एकटी नको म्हणून मी मिरजेहून तिच्याकडे येऊन राहिले होते. आल्या दिवसापासून आमच्यात एकच वाद चालू होता. केतकी पोटुशी असताना सायकलवरून कामाला जात होती.

“डॉक्टर हो म्हणालेत, आई.”

“डॉक्टरांना विचारलं कुणी? मी नाही म्हणतेय.”

“इथे सगळ्या जातात. सायकलींना रस्त्यात वेगळी वाट आखलेली असते. आणि सायकलच्या दुकानात लहानाची मोठी झालेल्या मुलीला तू सायकलची भीती घालतेस?”

हे मात्र खरे होते. मिरजेत आमचे सायकलचे दुकान होते. पाटी यांच्या नावाची आणि शब्द माझा. दर दसऱ्याला विकायच्या आणि भाड्याच्या मिळून चाळीस सायकली दुकानासमोर ओळीने उभ्या राहत. एकेकीच्या हँडलला हळदकुंकू, मडगार्डला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू. आणि प्रत्येकीपाशी माझे एकच मागणे असे. आमच्या दुकानातून सायकल नेलेला माणूस वाटेत दगावला, असे पस्तीस वर्षांत एकदाही घडले नाही. यांनी त्याचे श्रेय ब्रेकच्या रबरांना दिले. मी दिले नाही.

त्या दिवशी केतकी ट्रामने गेली होती. आदल्या संध्याकाळी चाकात हवा कमी वाटली म्हणून सायकल तिने चौकातच बांधून ठेवली होती. दुपारी मी तिला फोन केला.

“पांढरी आहे, आई. चौकात खांबाला बांधलीय. मीच रंग फासलाय तिला, चोरांना हात लावावासा वाटू नये म्हणून. पण तू कशाला खाली उतरतेस?”

“पूजा करायला. दसरा आहे.”

“भर रस्त्यात?”

“मग काय सायकल चार जिने वर आणू?”

चौकात खांब होता, खांबाला पांढरी सायकल होती. जवळ जाऊन पाहते तो रंग दांड्यावरच नव्हे, टायरांवर, सीटवर, तारांवर, इतकेच काय साखळीवरसुद्धा! साखळीला रंग लावणारी मुलगी माझ्या पोटी जन्मली, याचे मला फार वाईट वाटले. हँडलला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद लटकत होता. जर्मन मला येत नाही, नगरपालिकेची काहीतरी नोटीस असावी असे समजून मी तो उलटा करून ठेवला. चाकापाशी सुकलेली फुले आणि विझलेल्या मेणबत्तीचा लाल काचेचा पेला पडला होता. लोकांनी टाकलेला कचरा म्हणून मी तो पायाने बाजूला सारला. मग पदर खोचून यथासांग पूजा केली. हँडल, सीट, पायडल, दोन्ही चाके. फुलवालीकडून आणलेल्या पिवळ्या शेवंतीची माळ घातली आणि हात जोडून मागणे मागितले.

“ज्या लेकराची ही गाडी आहे, त्या लेकराला रोज दिवेलागणीला सुखरूप घरी आण. दार मी उघडीन.”

शेवटचे तीन शब्द नेहमीच्या मागण्यात नव्हते. मुलगी पोटुशी होती, म्हणून ते त्या दिवशी आपसूक तोंडातून गेले.

केतकी रोज सहा वाजून दहा मिनिटांनी घरी येई. इमारतीच्या मागे फरसबंद अंगण होते, सगळ्यांच्या सायकली तिथे उभ्या असत. मी देवापाशी निरांजन लावले, तोच खालून सायकलची घंटी ऐकू आली. दोनदा आखूड, एकदा लांब. घड्याळात पाहिले, सहा दहा. पोरीला आज मस्करी सुचलेली दिसते, असे मनाशी म्हणत मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले.

जिन्यावर पावले वाजली नाहीत. वाजत होती ती टिकटिक. सायकल हाताने ढकलत नेताना मागच्या चाकातून जी येते ती. ती मी झोपेतही ओळखीन. एकेक जिना चढत ती वर येत होती. तिसरा मजला. मग वळण. मग आमच्या मजल्याच्या पायऱ्या. जिन्यातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझणारा होता, तो विझला. टिकटिक माझ्या समोर, हातभर अंतरावर येऊन थांबली.

“पुरे झाली चेष्टा,” मी म्हणाले. “आत ये.”

पावसात भिजलेल्या लोकरीचा वास माझ्या खांद्याला घासून घरात गेला. बाहेर पाऊस नव्हता. मी चाचपडत बटण दाबले. जिना रिकामा होता. मागे वळले, तर निरांजनाची ज्योत आडवी झाली होती आणि सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला.

केतकी सात वाजता आली. कोटाची बाही फाटलेली, कोपर सोललेले.

“ओरडू नकोस, आई. काही झालेलं नाही. ट्राममधून उतरून चाकात हवा भरली, सायकलवरून घरी निघाले, तर वळणाऱ्या एका व्हॅनने मला पाहिलंच नाही. हँडलला धक्का लागला, मी बाजूला गवतावर पडले. पोट ठीक आहे, तपासून आले.”

मी तिला खुर्चीवर बसवले, जखम धुतली, हळद लावली. मग आवाज चढवला. “आल्या दिवसापासून सांगतेय! नशीब समज, मी पूजा केली म्हणून वाचलीस.”

“कुठे केलीस पूजा? माझ्या सायकलला कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता.”

“चौकातल्या खांबाला पांढरी सायकल. ट्राम थांबते तिथे. साखळीलाही रंग फासलेली.”

केतकीने माझा हात धरला. “माझी बेकरीसमोर असते. पलीकडच्या कोपऱ्यात. आई, तू तिला हळदकुंकू वाहिलंस?”

“वाहिलं. माळ घातली, नारळ फोडला. का?”

“ती कुणी चालवत नाही. इथे सायकलवरून जाणारं कुणी गाडीखाली गेलं, की त्या जागी एक सायकल पांढरी रंगवून कायमची बांधून ठेवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. त्या कागदावर नाव असतं. ट्रकखाली गेली ती. एकोणीस वर्षांची होती.”

मेलेल्याच्या वस्तूला हळदकुंकू! माझ्या सासूबाई असत्या तर मला अंघोळ घालून सोवळ्यात बसवले असते. पण मला खुपत होते ते निराळेच. रंगाने घट्ट झालेली साखळी, जाम झालेली चाके. त्या सायकलची टिकटिक होणे शक्य नव्हते.

“व्हॅनचा धक्का लागला तेव्हा किती वाजले होते?” मी विचारले.

“सहा दहा असतील. घड्याळ कोण बघतंय तेव्हा?”

दुसऱ्या दिवशी मी सायकल बंद करवली. केतकीनेही फार ताणले नाही. ती भुयारी रेल्वेने गेली. संध्याकाळी मी दाराला आतून कडी लावून बसले. सहा दहाला अंगणात घंटी वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. टिकटिक वर आली आणि दाराशी थांबली. मी उठले नाही. बाहेरून कुणी दार ठोठावले नाही, ढकलले नाही. पण दाराच्या पलीकडे कुणीतरी थांबले आहे आणि थांबूनच राहणार आहे, हे मला माझ्या तळहातांत कळत होते. दार उघडीन हा शब्द मी दिला होता. आजवर दिलेला शब्द मी कुणासाठी फिरवलेला नाही, मागणारा कुणीही असो. मी कडी काढली. भिजल्या लोकरीचा वास आत गेला आणि स्वयंपाकघरातली एक खुर्ची आपली आपण जराशी मागे सरली.

केतकी साडेसातला आली ती दाराला टेकूनच उभी राहिली.

“आई, मी रुळांवर जाणार होते.”

“कुणी ढकललं?”

“कुणी नाही. तेच तर. गाडी आत शिरत होती, फलाटावर सूचना वाजत होती, मागे राहा म्हणून, आणि माझा पाय पुढे पडला. माझं मलाच समजलं नाही. एका माणसाने पाठीवरची पिशवी ओढली म्हणून—” तिने पोटावर हात ठेवला.

या वेळी मी वेळ विचारली नाही. ती मला ठाऊक होती. मी कडी काढली, ती वेळ. सुखरूप घरी येणे मी एकीसाठी मागितले होते आणि माझ्याच हाताने दुसरीच्या नावे देऊन टाकले होते. मी दार उघडले की ती पोचत होती, आणि त्याच घटकेला माझी केतकी वाटेत उघडी पडत होती. अजून किती संध्याकाळी ती निभावणार होती?

“उद्या शनिवार,” मी म्हणाले. “सकाळी माझ्याबरोबर चौकात यायचं. मला त्या पोरीची क्षमा मागायचीय.”

“तू? क्षमा?” त्या अवस्थेतही केतकीला हसू फुटले. “बाबांना फोन करून सांगायला हवं.”

शनिवारी सकाळी आम्ही चौकात पोचलो तेव्हा सायकलपाशी एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल किंवा दुःखाने तशी दिसत असेल. राखाडी केस कानांपर्यंत कापलेले, हिरवा रेनकोट. लाल पेल्यातली मेणबत्ती तिने पुन्हा लावली होती आणि नारळाची करवंटी हातात घेऊन ती उलटसुलट पाहत होती. कागदावरचे आडनाव आणि तिने सांगितलेले आडनाव एकच होते. टीडेमानबाई, त्या मुलीची आई. मुलीचे नाव गेझा.

केतकी दुभाष्याचे काम करीत होती. मी टीडेमानबाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, “हे मी केलं. माझ्या मुलीची सायकल समजून केलं. चुकलं माझं.”

आयुष्यात हे दोन शब्द मी फार थोड्यांना म्हटले आहेत. टीडेमानबाईंनी शेवंतीच्या माळेला बोट लावले.

“मी रागावायला आलेय असं वाटलं का तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. पहिल्या महिन्यात लोक फुलं ठेवायचे. मग फक्त मी. आज पाहिलं तर कुणीतरी तिला नटवलंय. पण हे पिवळं आणि लाल कशासाठी असतं?”

आता खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. गाडीवरचे माणूस सुखरूप घरी यावे यासाठी असते, असे मी सांगितले. दार उघडण्याचा शब्द दिला, तेही सांगितले. आणि मग म्हणाले, “बाई, तुम्ही मला वेडी म्हणाल. पण दोन दिवस झाले, संध्याकाळी आमच्या अंगणात घंटी वाजते.”

केतकीने भाषांतर करता करता माझ्याकडे वळून पाहिले. हे तिला मी सांगितले नव्हते. टीडेमानबाईंच्या हातातली करवंटी खाली पडली.

“सहा दहाला,” त्या म्हणाल्या. मी वेळ सांगितलेली नव्हती. “दोनदा आखूड. मग एक लांब.”

“हो.”

“मला कळावं म्हणून. मी मग शेगडीवर पाणी ठेवायची, शेवयांसाठी. वर येईपर्यंत उकळी आलेली असायची. तिला भूक धरवायची नाही.” त्यांनी रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बोट केले. “ते आमचं घर. तिसरा मजला. ती गेल्यावर चार महिन्यांत मी सोडलं. या चौकातून जाता येईना मला. आता मी टेम्पलहोफला राहते, शहराच्या त्या टोकाला.” मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “तिला तो पत्ता माहीत नाही.”

सायकलींचा लोंढा हिरव्या दिव्याला सुटला, चौक ओलांडून गेला. कुणाला काय सांगायचे ते मला तेव्हा स्वच्छ दिसले.

“केतकी, यांना सांग. आमच्याकडे भाद्रपदात लेक माहेरी येते. गौर म्हणतो आम्ही तिला. नदीवरून पाच खडे आणायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची, वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. ती मागून येते. दारात आईने विचारायचं, कोण आलं. मग तिला सगळं घर दाखवायचं. पत्ता ठाऊक नसला तरी चालतो. घेऊन येणारीला ठाऊक असला म्हणजे पुरे.”

“आई, हा भाद्रपद नाही आणि ती गौर नाही.”

“ती कुणाचीतरी लेक आहे ना? सांग.”

केतकीने सांगितले. टीडेमानबाईंनी एकच प्रश्न विचारला. “मी बरोबर येऊ शकते?”

“यावं. पण मागे पाहायचं नाही.”

संध्याकाळी पाच वाजता मी पांढऱ्या सायकलच्या पुढच्या चाकाखालचे पाच खडे उचलून पदरात बांधले. हँडलवर हात ठेवून म्हणाले, “गेझा, चल. तुझ्या आईचं घर दुसरीकडे आहे.” मग केतकीने पुढे केलेल्या बाटलीतून चूळभर पाणी तोंडात घेतले आणि चालू लागले.

ट्रामचे दोन थांबे काही झाले नाही. ट्राममधून उतरून शहराला वळसा घालणाऱ्या गोल मार्गाच्या रेल्वेकडे आम्ही जिना उतरू लागलो, तेव्हा मागे टिकटिक सुरू झाली. केतकीला ती ऐकू आली. तिने माझ्या कोपरात हात घातला आणि तो पुढे सोडला नाही. टीडेमानबाई माझ्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्यांची मान ताठ होती आणि डोळ्यांतून पाणी सरळ हनुवटीपर्यंत येत होते.

त्या गाडीच्या डब्यात दाराजवळ सायकलींसाठी मोकळी जागा राखलेली असते. सायकलीला माणसाप्रमाणे वेगळे तिकीट लागते. आम्ही त्या जागेकडे पाठ करून बसलो. समोरच्या काचेत डबा दिसत होता, म्हणून मी डोळे गुडघ्यांवर ठेवले. भिजल्या लोकरीचा वास मानेपाशी होता. तोंडातले पाणी कोमट होऊन जड झाले होते. पदरातले खडे मात्र गार पडत चालले होते.

चार स्टेशने गेली. मग साध्या कपड्यांतला एक गलेलठ्ठ माणूस उठला, गळ्यातले ओळखपत्र पुढे करून तिकिटे तपासू लागला. आमची तिकिटे त्याने पाहिली. मान हलवली. आमच्या पाठीमागे दाराकडे गेला. तिथे कुणाशी तरी बोलला. आणि परत आमच्याकडे आला.

“मागे सायकल घेऊन मुलगी उभी आहे,” तो केतकीला म्हणाला. “सायकलचं तिकीट नाही तिच्याकडे. म्हणते, ती या आजींबरोबर आहे.”

केतकीचा हात माझ्या कोपरात थंडगार झाला. तिच्या महिन्याच्या पासात सायकलचेही तिकीट होते. कटकट मिटवण्याची तिला लहानपणापासूनची सवय. तिने पर्समध्ये हात घातला. ती काय म्हणणार हे मला कळले: सायकल माझी आहे. एकदा हीच चूक मी केली होती, आणि तिची फळे दोन संध्याकाळी पाहिली होती. तोंडात पाणी. ओरडता येईना. मी तिचे मनगट असे आवळले की तिच्या बांगडीचा वळ तिच्या हातावर उठला.

“ती—” केतकी थांबली.

टीडेमानबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मागे पाहिले नाही. त्या माणसाच्या तोंडाकडेच पाहत राहिल्या.

“ती माझी मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “सायकल तिची आहे. तिचं तिकीट मी काढायला हवं होतं.”

“दंड भरावा लागेल.”

“भरते. तुम्ही तिला पाहिलंत ना आता?”

“पाहिलं म्हणजे काय? बोललो तिच्याशी.”

“तिने हेल्मेट घातलंय का?”

तो माणूस चक्रावला. त्याने आमच्या डोक्यांवरून मागे पाहिले. मग पुन्हा टीडेमानबाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसले कोण जाणे. त्याने हातातले यंत्र खिशात घातले.

“घातलंय,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी तिकीट काढा.” आणि पुढच्या स्टेशनवर तो घाईघाईने उतरून गेला.

केतकी हे सगळे माझ्या कानाशी कुजबुजत सांगत होती.

टेम्पलहोफला उतरलो तेव्हा अंधारून आले होते. पुढे सात मिनिटांची वाट. टीडेमानबाईंना मी हाताने खूण केली. त्या झपाझप पुढे गेल्या, कारण दार आतून उघडायचे होते. दुसरा मजला. मी एकेक पायरी सावकाश चढले. मागून टिकटिक येत होती, तशीच सावकाश. दारासमोर पोचले. दार लोटलेले होते.

आतून टीडेमानबाईंनी विचारले, “कोण आलं?”

“गेझा आली,” केतकी म्हणाली.

दार उघडले. मी उजवे पाऊल आत टाकले, टेबलावरच्या पांढऱ्या बशीत पाचही खडे ठेवले, आणि मोरीत जाऊन पाणी टाकले. माझे गाल सुन्न झाले होते. टीडेमानबाई खोल्यांतून फिरत होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. हे स्वयंपाकघर. ही खिडकी, इथे सकाळी ऊन येतं. हे कपाट, तुझे कपडे मी टाकले नाहीत. हा तुझा पलंग.

तेवढ्यात खालच्या अंगणात घंटी वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. मी घड्याळ पाहिले नाही. मी केतकीकडे पाहिले. ती माझ्यासमोर उभी होती, दोन्ही पायांवर, आणि तिला काहीही झाले नाही.

टीडेमानबाईंनी पातेले भरून शेगडीवर ठेवले. मग पाठमोऱ्या उभ्या राहूनच त्यांनी विचारले, “तुमच्याकडे आलेली लेक किती दिवस राहते?”

केतकीने मला मराठीत सांगितले आणि पुढे स्वतःच म्हणाली, “तिसऱ्या दिवशी पाठवणी करायची, हे सांगते त्यांना. दहीभाताची शिदोरी, मग खडे पाण्यात—”

“नको,” मी म्हणाले. “सांग, पाठवणी करायची नसते. ठेवून घ्यायची.”

“आई! आपल्याकडे एकदा तरी चुकलीय का पाठवणी? तूच सांगायचीस, ठेवून घेतली तर घरातल्यांना ती दुसरं काही करू देत नाही. त्यांनी रोज संध्याकाळी हेच करत बसायचं का? जन्मभर?”

“मी सांगते तेवढं सांग.”

केतकीने सांगितले. टीडेमानबाई वळल्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन त्यांवर कपाळ टेकवले. मागे पाण्याला उकळी येत होती. निरोप घेताना त्यांनी आम्हाला दारापर्यंतही सोडले नाही. त्या टेबलावर दोन ताटल्या मांडत होत्या.

पुढे चार महिन्यांनी केतकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. टीडेमानबाई आजही टेम्पलहोफला राहतात. केतकी वर्षातून एकदा त्यांना भेटते, तेही दुपारी. संध्याकाळी त्या कुणाला घरी बोलावत नाहीत, स्वतः कुठे जात नाहीत. दोन वेळा इस्पितळात भरती होण्याचे त्यांनी नाकारले. सहाच्या आत घरी सोडा, असे म्हणत होत्या. केतकी हे फोनवर मला सांगते. दर वेळी मी पुढचे काही विचारीन याची ती वाट पाहते.

मी विचारत नाही. त्या बाईच्या दुःखाची मला दया आली, असे केतकी समजते आणि मीही तिला तसे समजू दिले आहे. दया आली होती, नाही असे नाही. पण पाठवणी केलेल्या लेकीला वाट धरावीच लागते. आणि त्या पोरीला आईच्या दाराखेरीज ठाऊक असलेले दुसरे दार एकच होते. ते माझ्या केतकीचे होते.